तेल आणि घातक रसायनांची गळती: सरकारी यंत्रणा काय करतात? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

खाडीकाठच्या गावांतून, महामार्गालगतच्या वसाहतींतून आणि औद्योगिक क्षेत्रांच्या शेजारून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रश्नांची भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. उत्तरे मुख्यतः महाराष्ट्राचा किनारा आणि रस्ते यांना धरून आहेत. इतर ठिकाणच्या घटना गरजेपुरत्याच घेतल्या आहेत. बहुतेक उत्तरांत ‘गळती नेमकी कुठे झाली?’ हा उलटप्रश्न आढळेल, कारण आपल्याकडे यंत्रणांची वाटणी पदार्थानुसार कमी आणि जागेनुसार अधिक झालेली आहे.

1. पाण्यावर तेल दिसले किंवा रसायनाचा उग्र वास आला, तर पहिला फोन कोणाला करावा?

जमिनीवरची घटना असेल तर 112 वर, आणि समुद्रातली असेल तर तटरक्षक दलाच्या 1554 या क्रमांकावर. सागरी पोलिसांचा 1093 हा क्रमांकही किनाऱ्यावर उपयोगी पडतो. घरगुती गॅस सिलिंडरची गळती असल्यास 1906 आहे, आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष 1077 वर मिळतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवणे आवश्यकच आहे, परंतु तो पहिला फोन नव्हे. मंडळाकडे बंब नसतो, बोट नसते आणि रस्ता अडवण्याचे मनुष्यबळही नसते. मंडळाचे काम वेगळे आहे आणि ते प्रश्न 4 मध्ये दिले आहे.

2. कळवताना नेमके काय सांगावे? आम्ही व्हिडिओ काढून पाठवतो, तेवढे पुरत नाही का?

व्हिडिओ उपयोगी असतो, पण त्यातून जागा, वेळ आणि विस्तार क्वचितच कळतो. एखादा नाखवा जेव्हा “खांदेरीच्या पश्चिमेला, ओहोटी लागून तासभर झाला होता, वारा उत्तरेचा, पट्टी होडीच्या चार लांबींएवढी रुंद आणि शेवट नजरेत येत नव्हता” असे सांगतो, तेव्हा नियंत्रण कक्षातल्या माणसाला नकाशावर रेघ ओढता येते. वारा, भरती-ओहोटीची वेळ आणि तवंगाचा रंग या तीन गोष्टी चुकवू नयेत.

रंगाला इतके महत्त्व देण्याचे कारण असे की, त्यावरून तेलाच्या थराची जाडी आणि म्हणून सांडलेल्या तेलाचे प्रमाण ताडता येते. चंदेरी, जेमतेम चकाकणारा तवंग एक चौरस किलोमीटरभर पसरला असेल तर त्यात साधारण 40 ते 300 लिटर तेल असते. त्याच क्षेत्रावरचा इंद्रधनुषी तवंग 300 लिटरपासून 5000 लिटरपर्यंतचा असू शकतो. म्हणजे डोळ्यांना भयंकर दिसणारा रंगीत पट्टा पुष्कळदा एखाद्या पिंपाचा असतो. खरी धास्ती बाळगावी ती काळ्या किंवा तपकिरी, दाट, लाट मोडू न देणाऱ्या थराची. छायाचित्र काढताना चौकटीत दीपस्तंभ, जेट्टी, पूल असे काहीतरी न हलणारे घ्यावे.

3. समुद्रात तेल सांडले की जबाबदारी तटरक्षक दलाची, बंदराची की राज्य सरकारची?

तिघांचीही, पण प्रत्येकाची हद्द वेगळी. समुद्रातील तेलप्रदूषणाला तोंड देण्याची जबाबदारी 1986 मध्ये तटरक्षक दलाकडे आली आणि 1996 पासून राष्ट्रीय तेलगळती आपत्कालीन योजना अमलात आहे. तिचे समन्वयक तटरक्षक दलाचे महासंचालक असतात. भारताच्या सागरी क्षेत्रात, म्हणजे किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंतच्या पाण्यात, कारवाई हे दल करते. दलाची प्रदूषण प्रतिसाद केंद्रे मुंबई, चेन्नई, वाडिनार आणि पोर्ट ब्लेअर (आताचे श्री विजयपुरम) येथे आहेत, आणि ‘समुद्र प्रहरी’सारखी खास या कामासाठी बांधलेली जहाजेही आहेत.

बंदराच्या हद्दीत मात्र पहिली जबाबदारी बंदर प्राधिकरणाची असते; मुंबई बंदर आणि जवाहरलाल नेहरू बंदर यांना स्वतःची योजना आणि सामग्री ठेवावी लागते. मुंबई हायसारख्या तेलक्षेत्रात प्लॅटफॉर्मभोवतीच्या 500 मीटरच्या सुरक्षा क्षेत्रात ती प्लॅटफॉर्म चालवणाऱ्या कंपनीची असते. तेल किनाऱ्याला लागले की पुढचा भाग राज्याचा. तेथे जिल्हाधिकारी, नगरपालिका किंवा ग्रामपंचायत, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि खारफुटी असेल तर वन विभागाचा कांदळवन कक्ष, असे सगळे एकदम येतात. माझ्या मते आपल्या व्यवस्थेतली सर्वांत कच्ची शिवण हीच आहे. पाण्यातल्या कामाला एकच सेनापती असतो. वाळूवरच्या कामाला बैठक लागते.

4. मग प्रदूषण नियंत्रण मंडळ नेमके करते काय?

थोडक्यात सांगायचे तर मंडळ पुरावा गोळा करते, आदेश देते आणि सफाई पुरी झाली की नाही हे ठरवते. यांपैकी पुराव्याचे काम लोकांच्या नजरेला क्षुल्लक वाटते, पण पुढचे सारे त्याच्यावर उभे असते.

जल प्रदूषण कायदा 1974 च्या कलम 21 नुसार कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना घ्यायची पद्धत ठरलेली आहे: कारखान्याचा ताबा असलेल्याला नोटीस द्यायची, त्याच्यासमक्ष नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही बाटल्या मोहोरबंद करून त्यांवर दोघांच्या सह्या घ्यायच्या. तेलासाठी बाटली काचेची लागते, कारण प्लास्टिकच्या भिंतीला तेल चिकटून राहते आणि प्रयोगशाळेत प्रमाण कमी भरते. हे करताना दहा मिनिटांची घाई झाली, एक सही राहिली, तर न्यायालयात तो नमुना गळून पडतो. गावकऱ्यांनी स्वतः भरून ठेवलेली बाटली कलम 21 खालचा नमुना ठरत नाही. तरीही ती तारीख-वेळेच्या चिठ्ठीसह थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवावी, कारण अधिकारी पोहोचेपर्यंत भरतीने सारे धुऊन नेलेले असू शकते.

त्याच कायद्याचे कलम 33-अ मंडळाला कारखाना बंद करण्याचे आणि त्याचे वीज-पाणी तोडण्याचे आदेश देऊ देते, आणि कलम 32 आणीबाणीत स्वतः उपाययोजना करण्याची मुभा देते. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम 1986 च्या कलम 9 नुसार गळती ज्याच्या ताब्यात झाली त्याने ती तत्काळ कळवणे आणि आवरणे बंधनकारक आहे.

5. बातम्यांत ‘पहिल्या स्तराची’, ‘दुसऱ्या स्तराची’ गळती असे म्हणतात. ते कशावरून ठरते?

राष्ट्रीय योजनेत 700 टनांपर्यंतची गळती पहिल्या स्तराची, 700 ते 10,000 टनांची दुसऱ्या आणि त्यापुढची तिसऱ्या स्तराची मानतात. पहिल्या स्तराला स्थानिक साधनांनी, दुसऱ्याला प्रदेशातून मदत मागवून, तर तिसऱ्याला देशभरातून आणि गरज पडल्यास परदेशातून साधने आणून तोंड द्यायचे असते. 7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया-3 या जहाजांची टक्कर होऊन सुमारे 800 टन तेल सांडले, म्हणजे ती दुसऱ्या स्तरात जेमतेम शिरणारी गळती होती. तेवढ्याने मुंबई आणि जवाहरलाल नेहरू ही दोन्ही बंदरे काही दिवस ठप्प झाली आणि रायगडच्या किनाऱ्यापर्यंत तेल पोहोचले. टनांचा आकडा साधनांची जुळवाजुळव सांगतो. हानी किती होईल हे तो सांगत नाही. शंभर टन तेल भर समुद्रात आणि वीस टन तेल उधाणाच्या भरतीला खाडीच्या मुखाशी, यांत मी दुसऱ्याला अधिक भिईन.

6. तेल पसरण्याआधीच बूम टाकून का अडवत नाहीत? यंत्रणा उशिरा येतात म्हणूनच ना?

उशीर होतोच, पण तेवढेच कारण नाही. बूम म्हणजे तरंगता बांध: वर फुगीर नळी आणि पाण्यात लोंबणारा पडदा. प्रवाह या बांधावर काटकोनात सुमारे 0.7 नॉटपेक्षा (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) अधिक वेगाने आदळू लागला की तेल पडद्याखालून निसटते. ठाण्याच्या किंवा धरमतरच्या खाडीत उधाणाच्या ओहोटीचा ओढा याहून बराच अधिक असतो. म्हणून जाणकार माणसे बूम आडवा न टाकता प्रवाहाला तिरका टाकतात, तेल एखाद्या संथ कोपऱ्याकडे वळवतात आणि तेथून स्किमरने, म्हणजे पाण्यावरचे तेल खेचणाऱ्या यंत्राने, उचलतात. भांगेच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवसांत जे जमते ते अमावास्या-पौर्णिमेला जमत नाही.

खाडीच्या तोंडाशी सरळ रेषेत ताणलेला नवा कोरा बूम छायाचित्रात फार छान दिसतो. तो पाहिला की भरतीचे वेळापत्रक कोणी उघडले होते का, ही शंका माझ्या मनात येते.

7. औषध फवारून तेल नाहीसे करता येते, किंवा पेटवून देता येते असे ऐकतो. मग तसे का करत नाहीत?

फवारलेल्या द्रवाने तेल नाहीसे होत नाही. त्याचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात खाली मिसळते. खोल समुद्रात ते विरळ होते आणि सूक्ष्मजीव ते हळूहळू पचवतात, त्यामुळे तेथे हा सौदा परवडतो. उथळ पाण्यात, खाडीत किंवा माशांच्या अंडी घालण्याच्या जागी तेच तेल तळापर्यंत पोहोचते. म्हणून भारतात असा द्रव वापरण्यासाठी तटरक्षक दलाची परवानगी लागते आणि कोणत्याही मच्छीमाराने किंवा कंपनीने परस्पर साबण अगर डिटर्जंट ओतू नये. शिवाय जहाजांचे जड फर्नेस ऑइल काही तासांत पाणी शोषून चॉकलेटी, लोण्यासारखा लगदा बनते, त्याचे आकारमान तिपटी-चौपटीने वाढते, आणि मग फवारणीचा परिणाम जवळजवळ होत नाही.

पेटवण्यासाठी थर दोन-तीन मिलिमीटर जाड, तेल ताजे आणि समुद्र शांत लागतो. आपल्याकडचे अपघात बहुधा पावसाळ्यात होतात.

8. आमच्या गावच्या खारफुटीत तेल शिरले आहे. आम्ही मिळून काढावे का?

मन आवरून थांबावे, असेच उत्तर द्यावे लागते. चिखलातून वर आलेल्या तिवरांच्या श्वासमुळांवर तेलाचा लेप बसला की झाड गुदमरते, हे खरे; पण वीस माणसे आत शिरली की तेच तेल पावलांनी चिखलात खोल रुतते, जेथे हवा पोहोचत नाही आणि ते वर्षानुवर्षे टिकते. योग्य पद्धत अशी की, बाहेरून बूम आणि शोषक पट्ट्या लावून आणखी तेल आत येऊ द्यायचे नाही, कमी दाबाच्या समुद्राच्या पाण्याने मुळांवरचे तेल सैल करून ओहोटीबरोबर बाहेर काढायचे आणि उरलेले निसर्गावर सोडायचे. 2010 च्या गळतीनंतर किनाऱ्यावरच्या तेलासाठी टेरी संस्थेचा ‘ऑइलझॅपर’ हा तेल खाणाऱ्या जीवाणूंचा संच वापरला गेला होता.

मोकळ्या वाळूवर मात्र मदत घेतली जाते. 28 जानेवारी 2017 रोजी एन्नोरजवळ दोन जहाजांची टक्कर झाली, त्यानंतर विद्यार्थी, मच्छीमार आणि कामगार बादल्यांनी लगदा उपसत होते; कित्येकांच्या हातात धड मोजे नव्हते. ते चित्र कौतुकाने फिरले. त्याच चित्रात, त्या किनाऱ्यावर सामग्री वेळेत पोहोचली नाही, हेही दिसत होते. मदतीला जाणाऱ्याने रबरी मोजे, गमबूट आणि अंगभर कपड्यांशिवाय तेलाला हात लावू नये, वास चढू लागल्यास बाजूला व्हावे, आणि गोळा केलेली तेलकट वाळू कोठे न्यायची हे आधी विचारावे. ती 2016 च्या नियमांप्रमाणे घातक कचरा ठरते आणि तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीसारख्या अधिकृत प्रकल्पातच जावी लागते. गावच्या डंपिंगवर नव्हे.

9. दर पावसाळ्यात किनाऱ्यावर डांबरगोळे येतात. त्यांवर कोणी कारवाई का करत नाही?

कारण बहुतेक वेळा आरोपीच सापडत नाही. जहाजांनी टाक्या धुऊन समुद्रात सोडलेले पाणी, तेलक्षेत्रांतली गळती आणि इतर तेल लाटांवर घुसळत, वाळू आणि शिंपले अंगाला लावत गोळ्यांच्या रूपाने नैऋत्य वाऱ्यांबरोबर गोवा, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीला लागते. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने गोव्याच्या डांबरगोळ्यांतील संयुगांचे ‘ठसे’ जुळवून त्यांचे उगम शोधण्याचे काम केले आहे. क्रूडमधली काही संयुगे उन्हापाण्याने मोडत नाहीत, म्हणून ओळख पटते. परंतु ‘हे अमुक प्रकारचे तेल आहे’ आणि ‘हे अमुक जहाजाने अमुक रात्री सोडले’ यांत मोठे अंतर आहे. ते भरून काढायला उपग्रहचित्र आणि जहाजांच्या मार्गाची नोंद त्याच वेळेची लागते.

गोळा पायाला चिकटला तर खोबरेल तेल लावून पुसावा. पेट्रोल किंवा रॉकेल वापरू नये.

10. किनाऱ्यावर कंटेनर किंवा पिंप वाहून आले आहे. उघडून पाहावे का?

कदापि नाही. एमएससी चित्रावर कीटकनाशकांचे कंटेनर होते, आणि 25 मे 2025 रोजी कोचीजवळ बुडालेल्या एमएससी एल्सा-3 वरील 640 कंटेनरांपैकी 13 मध्ये घातक माल होता. त्यांतल्या 12 मध्ये कॅल्शियम कार्बाइड होते. कार्बाइडला पाणी लागले की ॲसिटिलीन हा झटकन पेटणारा वायू निघतो, आणि धान्यात ठेवतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडला ओल लागली की जीवघेणा फॉस्फीन. बाहेरून पिंप कोरडे दिसते. केरळात लोकांना अशा वस्तूंपासून किमान 200 मीटर दूर राहण्यास सांगण्यात आले होते, तोच दंडक आपल्याकडे पाळावा आणि पोलिसांना कळवावे. वाळूत साबुदाण्यासारखे पांढरे प्लास्टिकचे दाणे सापडले, तर ते विषारी नसले तरी किनाऱ्यावर तसेच राहू देऊ नयेत. तेही एल्सा-3 मधूनच तिरुवनंतपुरमपर्यंत पोहोचले होते.

11. महामार्गावर टँकर उलटला तर आत काय आहे हे कसे ओळखावे?

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार घातक माल वाहणाऱ्या टँकरच्या दोन्ही बाजूंना आणि मागे एक माहितीफलक असतो. त्यावरचा चार अंकी क्रमांक सर्वांत महत्त्वाचा: 1203 म्हणजे पेट्रोल, 1202 डिझेल, 1075 एलपीजी, 1005 अमोनिया, 1017 क्लोरीन, 1830 सल्फ्युरिक ॲसिड. शेजारी आणखी एक छोटा संकेत असतो. त्याचा पहिला अंक अग्निशमन दलाला पाणी मारायचे की फेस हे सांगतो (3 म्हणजे फेस, 4 म्हणजे कोरडे साधन), आणि शेवटी ‘ई’ हे अक्षर असेल तर परिसर रिकामा करण्याचा विचार करावा असा त्याचा अर्थ होतो. चालकाच्या केबिनमध्ये आपत्कालीन सूचनांचे कार्डही असले पाहिजे.

फलक लांबून वाचावा, मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठा करून, आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला उभे राहून. 112 वर फक्त ‘टँकर उलटला’ असे न सांगता हा क्रमांक सांगितला, तर बंब फेस घेऊन निघतो. रसायने भरलेले टँकर वर्षानुवर्षे चालवणाऱ्यांकडून एक गाऱ्हाणे कायम ऐकू येते: माल बदलतो, फलक तोच राहतो. त्यामुळे फलकावर विश्वास ठेवावा, पण वास आणि रंग वेगळे सांगत असतील तर तेही कळवावे.

12. सांडलेले पेट्रोल वाया जाण्यापेक्षा भरून घेतले तर काय बिघडले?

25 जून 2017 रोजी पाकिस्तानात बहावलपूरजवळ उलटलेल्या टँकरमधले पेट्रोल गोळा करणाऱ्या 200 हून अधिक माणसांचा जळून मृत्यू झाला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती गटारातून आणि उतारावरून दूरवर सरकते आणि ठिणगी शंभर पावलांवर पडली तरी उलट पेटत येते. जून 2023 मध्ये मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर लोणावळ्याजवळ टँकर पेटला तेव्हा जळते द्रव पुलाखालच्या रस्त्यावर पडले आणि मृत चौघांमध्ये खालून जाणारेही होते.

13. आमच्या शेजारच्या कारखान्यात काय साठवले आहे, हे आम्हाला कळू शकते का?

कळले पाहिजे असे कायदाच म्हणतो. भोपाळनंतर आलेल्या 1989 च्या घातक रसायन नियमांनुसार ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक साठा असणाऱ्या कारखान्याने कुंपणाच्या आतली आपत्कालीन योजना करायची आणि तिचा सराव दर सहा महिन्यांनी घ्यायचा असतो. कुंपणाबाहेरची योजना जिल्हा पातळीवर होते आणि तिचा सराव वर्षातून एकदा व्हावा लागतो. नियम 15 प्रमाणे अपघाताची झळ बसू शकेल अशा बाहेरच्या लोकांना धोक्याचे स्वरूप आणि काय करावे, काय करू नये, हे कळवणे कारखान्यावर बंधनकारक आहे. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय हे या बाबतीतले मुख्य कार्यालय.

1996 च्या रासायनिक अपघात नियमांनी चार पातळ्यांवर क्रायसिस ग्रुप, म्हणजे आपत्कालीन गट, नेमले आहेत. जिल्ह्याचे प्रमुख जिल्हाधिकारी, स्थानिक गटाचे प्रमुख उपविभागीय अधिकारी, म्हणजे आपले प्रांत. स्थानिक गटाने महिन्यातून एकदा आणि जिल्हा गटाने 45 दिवसांतून एकदा बैठक घ्यायची असते. मागच्या तीन बैठकांची इतिवृत्ते मागून पाहावीत. मिळालेल्या उत्तरावरून तयारीचा अंदाज येतो. ती मागण्याची रीत प्रश्न 19 मध्ये आहे.

14. वायूचा वास आला तर पळावे की घरात थांबावे?

वायू कोणता आणि वारा कुठून, यावर ते ठरते. क्लोरीन आणि एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने सखल भागात साचतात, तेव्हा तळघर किंवा नाल्याच्या कडेला आसरा घेऊ नये. अमोनिया हलका असतो, पण दमट हवेत त्याचाही पांढरा ढग जमिनीलगत रेंगाळतो. ढग अजून लांब असेल तर वाऱ्याला आडवे, म्हणजे डावीकडे किंवा उजवीकडे, निघावे. तो येऊन ठेपला असेल तर दारे-खिडक्या बंद करून, फटींना ओले कापड लावून, पंखे आणि एसी बंद करून आत थांबणे बरे. एलपीजीच्या बाबतीत विजेचे बटण चालू किंवा बंद काहीच करू नये.

15. रात्री टँकर आणून नाल्यात रसायन ओततात. याला ‘गळती’ म्हणतात का?

नाही, हा सरळ गुन्हा आहे, आणि म्हणून येथे पोलीस आधी, मंडळ नंतर. 2014 च्या अखेरीस उल्हासनगरात वालधुनीच्या पात्रात टँकरने ओतलेल्या रसायनामुळे वायू निघून शेकडो लोकांना रुग्णालयात जावे लागले होते. दोन वेगवेगळी, एकेकटी फारशी घातक नसलेली सांडपाणी नाल्यात एकत्र आली तरी असा वायू तयार होऊ शकतो: सल्फाइड असलेल्या पाण्यात ॲसिड पडले की हायड्रोजन सल्फाइड निघतो, जो अधिक प्रमाणात असला तर नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. “आता वास येत नाही, म्हणजे गेला” असे समजून कोणी नाल्यापाशी जाऊ नये. वाहनाचा क्रमांक, वेळ आणि दिशा टिपावी. टँकर अडवायला जाऊ नये.

16. सांडलेला पदार्थ विषारीच नसेल, समजा खाद्यतेल किंवा साखर कारखान्याची मळी, तरीही कारवाई होते का?

होते. मळी पाण्यात गेली की जीवाणू तिच्यावर तुटून पडतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. मासे विषाने नव्हे, गुदमरून मरतात. मे 2018 मध्ये पंजाबात बियास नदीत अशीच मळी जाऊन मोठ्या प्रमाणावर मासे मेले होते. जल प्रदूषण कायद्याचे कलम 24 ‘प्रदूषक पदार्थ’ म्हणते, ‘विष’ एवढेच म्हणत नाही.

17. सफाईचा खर्च शेवटी कोण भरतो?

कायद्याने, ज्याच्यामुळे गळती झाली तो. पर्यावरण अधिनियमाच्या कलम 9 खाली सरकारने केलेला खर्च व्याजासह, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल करता येतो. घातक उद्योगाची जबाबदारी ‘पूर्ण’ असते, म्हणजे ‘आमची चूक नव्हती’ हा बचाव चालत नाही. दिल्लीतल्या 1985 च्या ओलियम वायुगळतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व मांडले आणि राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या कायद्यानेही दोषाची अट काढून टाकली आहे. 4 ऑगस्ट 2011 रोजी मुंबईपासून सुमारे 20 सागरी मैलांवर एमव्ही राक हे जहाज 60,000 टनांहून अधिक कोळसा आणि इंधनतेलासह बुडाले. त्या प्रकरणी न्यायाधिकरणाने ऑगस्ट 2016 मध्ये जहाजाच्या मालकांना 100 कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. मधल्या पाच वर्षांत सफाईचा खर्च कुठल्यातरी सरकारी खात्यावरच पडलेला असतो, हे मात्र खरे.

दंड आणि भरपाई यांत गल्लत करू नये. 2023 च्या जनविश्वास कायद्यानंतर पर्यावरण अधिनियमातील मुख्य दंड 10,000 ते 15 लाख रुपये आहे आणि पूर्वीची कैदेची तरतूद गेली आहे. मोठ्या कंपनीला 15 लाख किती जाणवतात, हे वाचकांनीच ठरवावे.

18. आमच्या जाळ्यांचे आणि हंगामाचे नुकसान झाले. भरपाई कोठे मागावी?

याचे उत्तर तेल कोणत्या जहाजातून आले यावर अवलंबून आहे, आणि बहुतेक जण येथेच चुकतात.

तेलवाहू टँकरमधून क्रूड किंवा जड तेल सांडले असेल, तर जहाजमालकाचा विमा आणि त्यापलीकडे 1992 चा आंतरराष्ट्रीय भरपाई निधी आहे. भारत त्याचा सदस्य आहे. दोन्ही मिळून एका घटनेला 20.3 कोटी एसडीआरपर्यंत (एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशोबाचे एकक) रक्कम मिळू शकते. मागणी नुकसान झाल्यापासून तीन वर्षांत आणि कोणत्याही परिस्थितीत घटनेपासून सहा वर्षांच्या आत करावी लागते. कंटेनर किंवा कोळशाच्या जहाजाचे स्वतःचे इंधन सांडले असेल तर हा निधी लागू होत नाही. तेथे जहाजमालकावरच दावा करावा लागतो. एल्सा-3 प्रकरणी केरळ सरकारने 9,531 कोटी रुपयांचा नौदावा उच्च न्यायालयात दाखल केला, आणि त्याच कंपनीचे दुसरे जहाज विळिंजम येथे अडकवून ठेवण्याचा आदेश मिळवला. बुडालेल्या जहाजाकडून काय वसूल करणार, या नेहमीच्या प्रश्नाचे हे उत्तर आहे.

जमिनीवरच्या कारखान्याच्या अपघातात 1991 च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडे पाच वर्षांच्या आत अर्ज करता येतो. कारखान्याच्या कामगारांसाठी मात्र वेगळा कायदा आहे. हरित न्यायाधिकरणाकडेही भरपाईसाठी मुदत पाच वर्षांची आहे, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पीठ पुण्याला आहे, शुल्क मागितलेल्या रकमेच्या एक टक्का आहे आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते माफ आहे.

कोणत्याही मार्गाने गेले तरी कागद तेच लागतात: नौकेची नोंदणी, मासेमारी परवाना, डिझेलच्या पावत्या, सोसायटीच्या विक्रीच्या मागच्या दोन-तीन हंगामांच्या नोंदी, आणि तेलाने माखलेल्या जाळ्यांचा पंचनामा. जाळी पंचनाम्याआधी जाळू नयेत. रोखीने, चिठ्ठीशिवाय मासळी विकणाऱ्याचे नुकसान सर्वांत खरे असते आणि सिद्ध करायला सर्वांत अवघड.

19. गळतीनंतरचे नमुना अहवाल लोकांना पाहायला मिळतात का?

माहितीचा अधिकार अधिनियम 2005 खाली मिळतात, आणि कार्यालयाने 30 दिवसांत उत्तर द्यायचे असते. अर्ज मोघम करू नये. “गळतीची सर्व माहिती द्यावी” असे लिहिले की ‘माहिती विस्तृत आहे’ असे उत्तर येते. त्याऐवजी तारीख, ठिकाण, नमुना क्रमांक (पंचनाम्यावर असतो), प्रयोगशाळेचा विश्लेषण अहवाल, मंडळाने दिलेले निर्देश आणि त्यांच्या पूर्ततेचा अहवाल असे वेगवेगळे मुद्दे लिहावेत. नमुना क्रमांक मिळवायचा तर पंचनाम्याच्या वेळी साक्षीदार म्हणून सही करायला पुढे व्हावे आणि सही करण्यापूर्वी तो क्रमांक आपल्या वहीत उतरवून घ्यावा.

20. गळतीनंतर मासे खावेत की नाही?

मत्स्यव्यवसाय विभाग आणि आरोग्य यंत्रणा सूचना देतील ती पाळावी. सर्वसाधारणपणे पोहून दूर जाणारे मासे लवकर सुरक्षित होतात. तिसऱ्या, कालवे, खुबे असे एका जागी राहून पाणी गाळणारे जीव तेल अंगात साठवतात आणि त्यांना बराच काळ लागतो. 2010 मध्ये मुंबईच्या बाजारात तेल न लागलेल्या भागातली मासळीही कोणी घेईना. शिजवताना रॉकेलसारखा वास आला, तर ती मासळी टाकून द्यावी. हा वास मसाल्याने झाकला जातो, पण जात नाही.